वाट पाहण्याची ऐपत

नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत, खिडकीजवळच्या टेबलावर सेलोटेपने चिकटवलेला एक कागद मी २०२१ च्या मार्चमध्ये पाहिला. वहीतून फाडलेलं पान. त्यावर निळ्या पेनने एकाखाली एक तारखा लिहिलेल्या आणि शेवटची सोडून सगळ्या खोडलेल्या. सर्वांत वर ५ एप्रिल २०२०. राज्यसेवा पूर्व परीक्षेची ही मूळ तारीख. करोना आला आणि ती गेली. मग सप्टेंबरची आली, ऑक्टोबरची आली, त्याही गेल्या. १४ मार्च २०२१ ठरली तेव्हा मुलं गावाकडून परत पुण्यात आली, कॉट बेसिसवर जागा घेतल्या, मेसचे पैसे भरले. परीक्षा तीन दिवसांवर आली असताना तीही पुढे ढकलल्याचं कळलं आणि ११ मार्चला ही मुलं लालबहादूर शास्त्री रस्त्यावर येऊन बसली. अखेर परीक्षा झाली २१ मार्चला. मूळ तारखेनंतर जवळजवळ वर्षभराने.

त्या टेबलाशी दोन मित्र बसत. दोघे जालना जिल्ह्यातले, एकाच तालुक्यातले, बारावीपर्यंत एकाच वर्गातले. पुण्यातही एकाच खोलीत राहत, एकाच मेसचा डबा खात. दोघांनीही आधी एकदा पूर्व काढली होती आणि दोघांचीही मुख्य थोडक्या मार्कांनी गेली होती. बुद्धीत म्हणाल तर डावं-उजवं करता येऊ नये. त्या उन्हाळ्यात एकाने पुस्तकं पोत्यात भरली आणि गावची एसटी धरली. दुसरा तिथेच राहिला आणि पुढच्या जाहिरातीची वाट पाहू लागला. गावाने दोन शब्दांत निकाल लावून टाकला. राहिला तो जिद्दी, आणि परत आला त्याने हाय खाल्ली.

हा निकाल मला तेव्हाही पटला नव्हता. उशिरा मिळणाऱ्या फळासाठी एक माणूस टिकून राहतो आणि दुसरा उठून जातो, ते का? आपण लगेच स्वभावाकडे बोट दाखवतो. एकात चिकाटी आहे, दुसऱ्यात नाही, असं म्हटलं की विषय संपतो. गेल्या साठ-सत्तर वर्षांत या प्रश्नावर जगभर जे संशोधन झालं, ते वाचत गेले तेव्हा कळलं की विषय तिथे सुरू होतो.

एका टॉफीचा प्रश्न

या संशोधनातलं सर्वांत मोठं नाव वॉल्टर मिशेल यांचं. जन्म १९३० चा, व्हिएन्नातला. १९३८ मध्ये ऑस्ट्रिया नाझींच्या ताब्यात गेला आणि मिशेल कुटुंबाला देश सोडावा लागला. मुलगा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये वाढला आणि मानसशास्त्रज्ञ झाला. पन्नासच्या दशकात तो संशोधनासाठी त्रिनिदाद बेटावर गेला. तिथे आफ्रिकी वंशाचे लोक आणि उसाच्या मळ्यांवर गिरमिटिया म्हणून नेलेल्या भारतीयांचे वंशज शेजारी-शेजारी राहत होते. भारतीय वंशाचे सांगत, हे शेजारी आजचं आज उडवून मोकळे होतात. आफ्रिकी वंशाचे सांगत, हे लोक पैसा गादीखाली दडपून ठेवतात, त्यांना जगणं माहीत नाही.

मिशेल यांनी शाळकरी मुलांना साधा प्रश्न विचारला. छोटी टॉफी आत्ता हवी, की मोठी टॉफी पुढच्या आठवड्यात? १९५८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखात लक्ष वेधून घेणारी गोष्ट वंशाची नव्हती, घराची होती. ज्या घरात वडील राहत होते तिथली मुलं थांबायला जास्त तयार होती. ज्या घरात वडील नव्हते तिथली मुलं हातात पडेल ते घेऊन मोकळी होत होती. मिशेल यांना यात विश्वासाचा प्रश्न दिसला. मोठा माणूस ‘नंतर देतो’ म्हणतो आणि खरंच देतो, हा अनुभव ज्या मुलाला घरात आला नाही, त्याने परक्या गोऱ्या माणसाच्या शब्दावर आठवडाभर का थांबावं?

हे निरीक्षण मोलाचं होतं. पुढच्या गाजावाजात ते मागे पडलं.

गाजावाजा झाला तो स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी स्कूलमधल्या प्रयोगाचा. साठच्या दशकाच्या अखेरीपासून पुढची काही वर्षं मिशेल यांनी तिथल्या चार-पाच वर्षांच्या मुलांना एका लहानशा खोलीत बसवलं. समोर बशीत खाऊ. कधी बिस्किट, कधी प्रेट्झेल, कधी मार्शमेलो म्हणजे कापसासारखी मऊ, गोड वडी. मुलाला सांगितलं जाई, ‘मी बाहेर जातो. मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन मिळतील. थांबवत नसेल तर घंटी वाजव, मी लगेच येईन, पण मग एकच मिळेल.’ काही मुलं अर्ध्या मिनिटात घंटी वाजवत, काही पंधरा मिनिटं बसून राहत. कोणी डोळे झाकून घेई, कोणी गाणं म्हणे, कोणी खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसे.

पुढे या मुलांचा माग काढला गेला. १९९० मध्ये मिशेल, शोदा आणि पीक यांचा लेख आला. लहानपणी जास्त वेळ थांबलेल्या मुलांना कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण मिळाल्याचं त्यात दिसत होतं. मग ही गोष्ट वर्तमानपत्रांत, पालकांच्या मेळाव्यांत, व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांत पसरली. आपल्याकडच्या किती घरांत आईबापांनी मुलापुढे बशीत चॉकलेट ठेवून त्याची परीक्षा घेतली असेल! चार वर्षांच्या पोराच्या पंधरा मिनिटांत त्याचं सगळं आयुष्य दिसतं, असा जणू सिद्धान्तच झाला.

त्या लेखातला गुणांचा मुख्य निष्कर्ष जेमतेम ३५ मुलांवर उभा होता. आणि ती मुलं बहुतेक विद्यापीठातल्या प्राध्यापकांची आणि तिथे शिकणाऱ्यांची. म्हणजे घरात पुस्तकं, फ्रिजमध्ये खाऊ आणि दिलेला शब्द पाळणारी मोठी माणसं, हे त्यांच्यासाठी रोजचंच. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान या तिघांनी नऊशेहून अधिक मुलांची माहिती तपासली. त्यांत अर्ध्याहून जास्त मुलांच्या आया पदवीपर्यंत शिकलेल्या नव्हत्या. थांबण्याचा आणि पुढच्या गुणांचा संबंध तिथे आधीच्या निम्माच निघाला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण, मुलाची लहानपणची समज हे सगळं हिशेबात धरलं, तेव्हा उरलेल्या संबंधाचाही मोठा भाग विरून गेला. ज्याला आपण चिकाटी म्हणत होतो, त्यात घराचा वाटा फार मोठा होता.

तुटके खडू

या सगळ्या प्रयोगांत मला सर्वांत जास्त हलवून गेला तो २०१३ चा, अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठातला. सेलेस्ट किड या संशोधक तरुणपणी बेघर कुटुंबांच्या निवाऱ्यात स्वयंसेवक म्हणून काम करत. तिथे खोल्या दाटीच्या. एखाद्या मुलाला खेळणं किंवा खाऊ मिळाला, तर दुसऱ्या क्षणी तो कोणीतरी हिसकावून घेण्याची भीती. किड यांना वाटलं, ही मुलं मार्शमेलो मिळताक्षणी खातील, आणि त्यात त्यांचं काही चुकणार नाही.

मग त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २८ मुलं घेतली आणि १४-१४ चे दोन गट केले. प्रत्येक मुलाला चित्र रंगवायला वापरून झिजलेले, तुटके खडू दिले आणि सांगितलं, थोडं थांबलास तर नवेकोरे आणून देते. एका गटाला बाईंनी खरंच नवे खडू आणून दिले. दुसऱ्या गटाकडे त्या रिकाम्या हाताने परत आल्या आणि म्हणाल्या, माफ कर, आमच्याकडे नाहीतच. स्टिकरच्या बाबतीतही तसंच केलं. त्यानंतर समोर आली ती बशी आणि तो मार्शमेलो.

शब्द पाळलेला पाहिला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली. शब्द मोडलेला पाहिला होता ती ३ मिनिटं. पहिल्या गटातली ९ मुलं पूर्ण १५ मिनिटं बसली, दुसऱ्या गटातलं फक्त एक. सकाळी घरून निघताना या मुलांच्या स्वभावात काही फरक नव्हता. त्यांच्यात चौपट अंतर पाडायला दोन मोडलेले शब्द पुरले.

हे वाचलं तेव्हा मला नवी पेठेतलं ते पान आठवलं. त्यावरची प्रत्येक खोडलेली तारीख म्हणजे एकेक तुटका खडू.

थांबा आणि हिशेब

तरी एक प्रश्न राहतोच. दोघांनाही त्याच खोडलेल्या तारखा मिळाल्या होत्या. मग एकच का उठला?

हे समजायला आधी एसटीच्या थांब्यावर जाऊ. गाडी दर अर्ध्या तासाला आहे असं पक्कं माहीत असेल आणि आपण वीस मिनिटं उभे असू, तर उरली दहा मिनिटं. जितकं जास्त थांबलो, तितकी गाडी जवळ आली. अशा थांब्यावरून उठून जाणं हा वेडेपणा. आता दुसरा थांबा घ्या. वेळापत्रकाची पाटी पुसलेली. गाडी येते कधीकधी, कधी रद्दही होते, सांगायला कोणी नाही. इथे वीस मिनिटं झाली की मनात वेगळाच विचार सुरू होतो. यायची असती तर एव्हाना आली असती. इथे जितकं जास्त थांबावं तितकी गाडी लांब जाते. मग माणूस वडापची जीप धरतो, आणि त्यात शहाणपण असतं.

पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले जोसेफ मॅग्वायर आणि जोसेफ केबल यांनी हाच हिशेब २०१२-१३ मध्ये नीट मांडला. त्यांनी लोकांना संगणकावर एक खेळ दिला. थोडं थांबलं की बक्षीस मिळणार, पण किती थांबायचं ते सांगितलेलं नाही. एका खेळात थांबण्याची कमाल मर्यादा होती, तिथे शेवटपर्यंत बसण्यातच फायदा होता. दुसऱ्या खेळात बक्षीस लवकर आलं तर आलं, नाहीतर फार फार उशिरा. तिथे काही वेळाने सोडून पुढचा डाव घेणं फायद्याचं होतं. लोकांना कोणी काही शिकवलं नाही. खेळता खेळता त्यांना अंदाज आला. पहिल्या खेळातली माणसं टिकून राहिली, दुसऱ्यातली वेळेवर उठली. दुरून पाहणाऱ्याला दुसरा गट उतावळा वाटला असता. प्रत्यक्षात दोन्ही गट बरोबर वागत होते.

सुरुवातीला थांबायचं ठरवून मध्येच उठणाऱ्याला आपण कच्च्या मनाचा म्हणतो. या दोघा संशोधकांचं म्हणणं असं की, तो मधल्या वेळात काहीतरी शिकलेला असू शकतो. थांबण्याचा वेळ हीसुद्धा माहिती असते.

पुण्याच्या पेठांत हे दोन्ही थांबे एकाच गल्लीत आहेत. केंद्रीय लोकसेवा आयोगाची नागरी सेवा परीक्षा अतिशय कठीण, लाखो अर्जांतून हजाराच्या आसपास निवड. पण तिचं वर्षभराचं वेळापत्रक आधी जाहीर होतं आणि सहसा पाळलं जातं. २०२० मध्ये करोनामुळे तिचीही पूर्व ३१ मे वरून ४ ऑक्टोबरला गेली आणि ४ ऑक्टोबरला झाली. त्याच वर्षी राज्याच्या परीक्षेचं काय झालं ते वर सांगितलंच. एका अभ्यासिकेच्या चालकांनी मला सांगितलं, “मुलं अपयशानं खचत नाहीत, ताई. नापास झालं की दोन दिवस रडतात, तिसऱ्या दिवशी टेबलावर हजर. पण तारीखच कळत नसली की आतून पोखरतात.” परीक्षा झाली तरी निकाल, मग मुलाखत, मग यादी, आणि यादीत नाव लागल्यावर नियुक्तीपत्र. यातल्या प्रत्येक टप्प्यावर वेळापत्रकाची पाटी पुसलेली असली, तर उठून जाणाऱ्या मुलाला हाय खाल्लेला कसं म्हणायचं?

नैवेद्य आणि डबे

सवयीचाही यात मोठा हात असतो. २०२२ मध्ये जपानच्या आणि अमेरिकेच्या मुलांची तुलना प्रसिद्ध झाली. बशीत खाऊ ठेवला तेव्हा जपानी मुलं कितीतरी जास्त थांबली. पण खाऊच्या जागी कागदात गुंडाळलेली भेटवस्तू ठेवली, तेव्हा चित्र उलटं झालं. अमेरिकी मुलं थांबली आणि जपानी मुलांनी कागद फाडला. जपानी घरांत आणि शाळांत सगळ्यांची ताटं वाढून होईपर्यंत कोणी घास घेत नाही. अमेरिकेत ख्रिसमसच्या झाडाखालची भेट सणाच्या दिवशीच उघडायची असते. ज्या गोष्टीसाठी थांबायचा घरात रिवाज, त्या गोष्टीसाठी मूल सहज थांबतं.

हे आपल्याला वेगळं सांगायला नको. वसुबारसेआधीच चकलीचे, शंकरपाळ्यांचे डबे भरलेले असतात. घरभर तळणाचा वास आणि पोरं डब्याभोवती. पण नरकचतुर्दशीचं अभ्यंगस्नान होऊन देवापुढे नैवेद्य दाखवेपर्यंत डबा उघडायचा नाही, हे चार वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. ते पोर मोठ्या मनोनिग्रहाचं असतं असं नाही. सगळं घरच थांबलेलं असतं, आणि नैवेद्यानंतर ताट येणार याबद्दल त्याला तिळभरही शंका नसते.

कॅमेरूनमधल्या न्सो समाजातल्या चार वर्षांच्या मुलांचीही अशीच गोष्ट. २०१८ च्या एका अभ्यासात जवळजवळ ७० टक्के न्सो मुलं शेवटपर्यंत थांबली. जर्मनीतल्या शहरी मुलांत हे प्रमाण ३० टक्क्यांच्याही खाली होतं. काही न्सो मुलं तर वाट पाहता पाहता झोपून गेली. ही शेतकऱ्यांची मुलं. मोठ्यांचं ऐकायचं, आपली पाळी येईपर्यंत गप्प राहायचं, हे त्यांच्या अंगवळणी पडलेलं. पैशाने गरीब घरातली मुलं थांबू शकत नाहीत, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हा अभ्यास जरूर लक्षात ठेवावा.

उसाचं बिल येण्याआधी

मग ऐपतीचा संबंध कुठे येतो? ऊस लावणाऱ्या माणसाला विचारा. उशिरा येणाऱ्या फळासाठी थांबणं म्हणजे काय, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? सुरू उसाला बारा महिने, आडसालीला सोळा ते अठरा. तोडणी होऊन कारखान्याचं बिल खात्यावर येईपर्यंत खत, पाणी, मुलांची फी, दवाखाना, लग्नकार्य, सगळं उसनवारीवर.

तामिळनाडूतल्या ऊसउत्पादकांचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांनी ५४ गावांतल्या ४६४ शेतकऱ्यांना दोनदा गाठलं. तोडणीआधी हातात पैसा नसताना आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर. माणूस तोच, शिक्षण तेच, बुद्धीही तीच. तरी लक्ष एकाग्र करण्याच्या आणि तर्क लावण्याच्या चाचण्यांत तोडणीआधी त्याची कामगिरी घसरलेली दिसली. डोक्यात एकच चक्र. सोनं गहाण टाकलंय ते कधी सोडवायचं, सावकाराला काय सांगायचं, गुरुवारची फी कुठून भरायची. त्या चक्रातून जे डोकं उरतं, तेवढ्यावर उद्याचा विचार करायचा असतो.

म्हणून उशिराच्या फळाला आणखी उशीर करणं हा साधा हिशेबाचा घोळ नसतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गाळपाला गेल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायचे असतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. महाराष्ट्र सरकारने २०२२ मध्ये ही रक्कम दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. शेतकरी संघटना कोर्टात गेल्या आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. चौदा दिवसांसाठी एवढा आटापिटा का, असं शहरात बसून विचारणं सोपं आहे. ज्याने अठरा महिने शब्दावर काढलेत, त्याला शेवटच्या टप्प्यावर तारीख हवी असते. ती मिळाली तरच तो पुढच्या वर्षी पुन्हा शब्दावर विश्वास ठेवेल.

नवी पेठेतल्या त्या दोघांकडे आता पाहा. राहिला त्याचे वडील जिल्हा परिषदेचे शिक्षक. दर महिन्याला पगार, दर महिन्याला पोराच्या खात्यावर आठ हजार. गेला त्याच्या घरी सहा एकर कोरडवाहू. त्याने मला सांगितलं होतं, “ताई, मला अभ्यासाचा कंटाळा नव्हता आला. पण प्रत्येक महिन्याला बापाला फोन करून पैसे मागायचे, म्हणजे तो कोणाला तरी मागणार. तारीख पुढं गेली की मी नापास झाल्यावानी वाटायचं.” एकाला वर्षभर वाट पाहायला लागत होता वेळ. दुसऱ्याला लागत होतं कर्ज.

मनाचे मार्ग

माणसाच्या हातात काहीच नसतं, असं मला म्हणायचं नाही. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ मध्ये जन्मलेल्या हजारावर मुलांचा माग संशोधक आजही काढत आहेत. आईवडील, शिक्षक आणि संशोधक यांनी लहानपणची कित्येक वर्षं त्यांच्या संयमाच्या नोंदी ठेवल्या. ज्या मुलांत हा संयम जास्त होता त्यांची तब्येत आणि आर्थिक स्थिती बत्तिसाव्या वर्षी सरासरीने बरी होती, आणि त्यात घरची परिस्थिती हिशेबात धरली होती. माणसामाणसांत फरक असतो तो खराच. पंधरा मिनिटांत एका वडीवर तो मोजता येत नाही, एवढंच.

आणि हा संयम शिकता येतो, हे मिशेल स्वतः आयुष्यभर सांगत राहिले. २०१८ मध्ये ते गेले. आपल्या प्रयोगाचा लोकांनी नशिबाची पत्रिका म्हणून वापर केला, याचं त्यांना दुःख होतं. त्यांना दिसलं होतं की बशी झाकून ठेवली की तीच मुलं कितीतरी जास्त वेळ थांबतात. खाऊकडे बघत बसण्याऐवजी एखाद्या मजेच्या गोष्टीचा विचार करायला सांगितलं, तरी थांबतात. म्हणजे दात-ओठ खाऊन थांबणं हा सगळ्यात कठीण मार्ग. नजरेआड करणं हा सोपा.

आमच्या आईने हे कुठल्याही प्रयोगाशिवाय ओळखलं होतं. चाळीतल्या बारा बायकांची भिशी होती. दर महिन्याच्या पाच तारखेला प्रत्येकीने शंभर रुपये द्यायचे आणि चिठ्ठी निघेल तिला बाराशे. एका लाल वहीत आई नावं आणि खुणा लिहून ठेवी. मी एकदा विचारलं, हेच शंभर रुपये घरात साठवले तर? ती म्हणाली, “घरात राहिले तर दिसतात. दिसले की लागतात.” फिलिपिन्समध्ये नावा अशरफ, डीन कार्लन आणि वेस्ली यिन यांनी एका बँकेबरोबर असाच प्रयोग केला. ठरलेली तारीख किंवा रक्कम गाठेपर्यंत पैसे काढताच येणार नाहीत, असं खातं त्यांनी लोकांना देऊ केलं. ज्यांना ते देऊ केलं त्यांची बचत वर्षभरात सुमारे ८० टक्क्यांनी वाढली. २००६ मध्ये तो अभ्यास आला, आईची लाल वही त्याआधीची.

भिशीत आणखी एक गोष्ट होती. चिठ्ठी बाराव्या महिन्यात निघाली तरी आईची झोप उडत नसे. अकरा जणी समोर राहत होत्या. आधी निघालेल्या प्रत्येकीला पैसे मिळालेले तिने डोळ्यांनी पाहिले होते.

मोसंबीची बाग

यंदा पावसाळ्यात मी जालन्याकडे गेले आणि त्या परत आलेल्या मुलाला भेटले. आता तो तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. गावात त्याचं खता-बियाण्यांचं छोटं दुकान आहे. चहा झाल्यावर तो मला शेतावर घेऊन गेला.

बांधावर उभं राहून त्याने जे सांगितलं, ते त्याने पुण्यात कधीच सांगितलं नव्हतं. या सहापैकी दोन एकरांत पूर्वी मोसंबी होती. जालन्याची मोसंबी प्रसिद्ध. झाड पाचव्या वर्षाच्या सुमारास धरतं आणि मग पंधरा-वीस वर्षं देतं. त्याच्या वडिलांची बाग नुकती धरायला लागली होती आणि २०१२ चा पावसाळा कोरडा गेला. त्या दुष्काळात या जिल्ह्यातल्या मोसंबीच्या बागाच्या बागा वाळल्या. वडिलांनी विहिरीचा तळ दिसेपर्यंत पाणी दिलं, मग टँकर विकत घेतले, मग टँकरसाठी कर्ज काढलं. उन्हाळ्यात एका सकाळी त्यांनी कुऱ्हाड घेतली. “सहा वर्षं सांभाळलेली झाडं बापानं दोन दिवसांत तोडली. लोक म्हणले, अजून एक महिना थांबायचं होतं. पण पाणी कुठून आणायचं ते कोणी सांगितलं नाही.”

पुण्यात तारखा खोडत बसलेल्या त्या पोराच्या डोळ्यांसमोर काय होतं, ते मला त्या बांधावर उमगलं. कोरड्या विहिरीवर आणखी एक महिना काढण्याची किंमत त्याने घरात पाहिली होती.

आणि आता त्याच दोन एकरांत पुन्हा मोसंबी उभी आहे. तिसरं वर्ष. अजून एक फळ हाती आलेलं नाही आणि आणखी दोन वर्षं येणार नाही. फळबाग लागवड योजनेतून अनुदान मिळालं आहे, तेही तीन वर्षांत तुकड्यातुकड्याने, पहिल्या वर्षी निम्मं आणि उरलेलं झाडं जगलेली दिसली की. “हप्ते वेळेवर आले,” त्याने मुद्दाम सांगितलं. मग मला बागेच्या वरच्या अंगाला नेलं. तिथे काळा कागद अंथरलेलं शेततळं होतं, पावसाच्या पाण्याने तीन हिस्से भरलेलं. तळ्याच्या भिंतीवर त्याने पांढऱ्या रंगाने आडव्या रेघा मारून ठेवल्या होत्या. दर आठवड्याला पाणी कुठल्या रेघेवर आलं, ते तो वहीत लिहितो. मार्चपर्यंत किती पुरेल, मेमध्ये किती कमी पडेल, सगळा हिशेब त्याला तोंडपाठ.

हाय खाल्लेला म्हणून गावाने ज्याला मोडीत काढलं, तो माणूस पाच वर्षांच्या फळासाठी थांबला आहे आणि निवांत थांबला आहे. त्याचा मित्र अजून पुण्यातच आहे. दोनदा मुलाखतीपर्यंत पोचला, यंदा पुन्हा बसणार आहे. त्याच्या चिकाटीबद्दल मला आदर आहे. पण या दोघांत धीर कोणाला जास्त, हे आता मला कोणी विचारलं तर मी उत्तर देणार नाही.

वाचकांना एक विनंती आहे. या दिवाळीला तुमच्या घरी कोणी असेल ज्याने अर्ध्यात काही सोडलं. परीक्षा, शिक्षण, नोकरी, बाग. त्याला ‘थोडं थांबायला हवं होतंस’ असं म्हणण्याआधी विचारा, तू कोणाच्या शब्दावर थांबला होतास आणि तो शब्द पाळला गेला का. मुलांना ‘नंतर देते’ म्हणाल तर द्याच, आणि नाही जमलं तर का ते सांगा. आणि ज्यांच्या हातात जाहिराती, निकाल, बिलं आणि अनुदानं आहेत त्यांनी एवढंच करावं. तारीख सांगावी, आणि सांगितलेल्या तारखेला द्यावं. धीर धरायला लोक तयार आहेत. शेततळ्यात पाणी असलं की माणूस पाच-पाच वर्षं थांबतो.